कॉकपिट थंड करायला डक्ट मोठा हवा की कूल शर्ट?

घोडबंदरकर:
वागळे इस्टेटमध्ये मित्राच्या गॅरेजात एक सलून (बंद छताची, सेडानसारखी) रेसकार तयार होतेय, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकसाठी. एसी काढून टाकलाय, दाराच्या काचेवर पुढच्या बाजूला NACA डक्ट (हवा आत घेणारं, पृष्ठभागात खोलगट तोंड) बसवलाय. तरी ड्रायव्हर म्हणतो, पाइपातून वारा येत नाही. म्हणून आता डक्ट दुप्पट करायचं घाटतंय.
माझा विरोध आहे. केबिनमधून हवेला बाहेर पडायला वाटच नाही, तर आत शिरणार कुठून? बंद बाटलीत फुंकर मारून बघा. छत मागच्या काचेकडे उतरतं तिथे दाब कमी असतो, आधी तिथे आउटलेट द्या. शिवाय 1945 च्या सुमारास NACA या अमेरिकन विमानसंशोधन संस्थेने हा डक्ट विमानांसाठी तपासला तो गुळगुळीत, अंगाला चिकटून जाणाऱ्या प्रवाहात. आपला डक्ट आहे तिथे, विंडस्क्रीनच्या बाजूच्या पिलरमागे, नुसते भोवरे. इनटेक विंडस्क्रीनच्या तळाशी न्या, तिथे दाब जास्त. रोजच्या गाड्यांचा ब्लोअर उगाच तिथून हवा घेत नाही.

नेरूळवाला:
सगळं मान्य, पण 38 अंशांची हवा आत घेऊन गार काय होणार? त्वचाच साधारण 35 ला असते. उरला घाम सुकण्याचा आधार, तो नोमेक्सच्या (रेसिंग सूटच्या आगरोधक कापडाच्या) थरांखाली आणि तिकडच्या दमट हवेत किती सुकणार? 2023 च्या कतार ग्रांप्रीत फॉर्म्युला वन ड्रायव्हर लोगन सार्जंटला उकाड्याने गाडी सोडावी लागली. ती तर उघड्या कॉकपिटची गाडी, वारा कमी होता का? 2025 पासून हीट इंडेक्सचा (दमटपणा धरून जाणवणाऱ्या उष्णतेचा) अंदाज 31 अंशांवर गेला की एफआयए, म्हणजे मोटार रेसिंगची जागतिक संघटना, फॉर्म्युला वनमध्ये कूलिंग किट बसवायला लावते. कूल शर्ट घ्या, म्हणजे बर्फाच्या पेटीतलं गार पाणी पंपाने नळ्यांतून अंगावर फिरवणारा शर्ट, विषय संपला.

घोडबंदरकर:
बर्फ विरघळला की तोच शर्ट अंगावर कोमट पाणी फिरवतो. वर पेटीचं वजन. छोट्या रेसला ठीक, पण पंप बंद पडला की काय?

ऐरोली_वर्कशॉप:
दोघंही इंजिनाकडे बघतच नाही आहात. नुसतं आउटलेट मोठं केलंत तर केबिनमधला दाब घसरेल आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) वायरिंगच्या भोकांतून इंजिनची गरम हवा ओढली जाईल, वासासकट. आधी ती भोकं बुजवा, एक्झॉस्टच्या वर पत्र्याला हीट शील्ड लावा. मग डक्टवर भांडा.

घोडबंदरकर:
बुजवूच. पण इनटेक दाबाच्या जागी असेल तर केबिनचा दाब घसरेलच कशाला? काचेवर लोकरीचे धागे चिकटवून बघू, कुठे सरळ झोपतात आणि कुठे नाचतात.

नेरूळवाला:
बघा, पण ट्रॅकवर. पाम बीच रोडवर नको, पोलिसांना धागे कसे समजावणार? आणि पाइप हेल्मेटकडे वळवा, छातीवर वारा मारून सूटच्या आत काही पोचत नाही.