विषय: तातडीचं – शनिवारी अल्ट्रा सेव्हनचा आठवा भाग, बालवर्गाला बसवायचं का?

प्रज्ञा (कार्यक्रम समिती), गुरुवार सकाळ

नमस्कार मंडळी,

हॉलवाल्यांना कार्यक्रमपत्रिका आज रात्रीपर्यंत द्यायची आहे आणि एकाच गोष्टीवर घोडं अडलंय: ‘अल्ट्रा सेव्हन’ या जुन्या जपानी मालिकेचा आठवा भाग शनिवारी बालवर्गालाही दाखवायचा का. काल दोघीतिघींचे फोन आले. भागात सिगारेट आहे, माणसं वेडीपिशी होऊन एकमेकांवर धावून जातात, लहान मुलांना दाखवू नका, असं त्यांचं म्हणणं. भाग बदलता येणार नाही, परवानगी याच भागाची मिळाली आहे. बालवर्गाला शेजारच्या खोलीत चित्रं काढायला बसवायचं तर तिथे दोन मोठी माणसं लागतील आणि ती नावं मला आत्ताच हवीत. हो किंवा नाही, एवढंच कळवा.

– प्रज्ञा

नितीन, गुरुवार सकाळ

प्रज्ञा, माझं मत: सगळ्यांनी एकत्र बघावा.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा भाग टीबीएस या जपानी वाहिनीवर १९ नोव्हेंबर १९६७ च्या रविवारी लागला. मेट्रॉन नावाचा परग्रहवासी पृथ्वी घ्यायला आलाय, पण सैन्य नाही, बॉम्ब नाही. एका साध्या वस्तीतल्या स्टेशनाजवळच्या यंत्रात तो सिगारेटची पाकिटं भरतो. तंबाखूत बारीक लाल खडा असतो. जो ओढेल त्याला समोरचा प्रत्येक माणूस शत्रू वाटायला लागतो. मेट्रॉनचा हिशोब सरळ आहे: ही माणसं एकमेकांवर भरवसा ठेवून जगतात, तेवढा भरवसा मोडला की बाकीचं काम ती स्वतःच करतील.

ही गोष्ट मुलांना नाही दाखवायची तर कोणाला दाखवायची? मारामारी शेवटी येते आणि तीही मावळतीच्या तांबड्या उजेडात, अर्धी सावल्यांचीच. रक्ताचा थेंब नाही.

– नितीन

शुभदा, गुरुवार दुपार

नितीन, गोष्ट चांगली आहे हे मलाही मान्य आहे. मी भाग पाहिलाय आणि माझा विरोध नेमक्या एका दृश्याला आहे. फुरुहाशी आणि सोगा हे रक्षक दलातले दोघं तळावर बसून तीच सिगारेट ओढतात आणि आपल्याच माणसांवर उलटतात. आमच्या धाकट्याचे हे दोघं लाडके आहेत. मोठ्यांना कळतं की दोष खड्याचा आहे. सहा वर्षांच्या पोराला एवढंच दिसणार की आपली माणसं अचानक आपल्यालाच मारायला उठली. घाबरलेल्या मुलाला झोपवायला नंतर कोण येणार? कोजागिरीला काय झालं होतं ते सगळ्यांना आठवतच असेल, पुन्हा सांगत नाही.

आणि प्रज्ञा, परवानगी मागायच्या आधी बालवर्गाच्या शिक्षिकांना विचारायला हवं होतं. बालवर्गाचं आम्ही बघतो.

– शुभदा

देशपांडेकाका, गुरुवार दुपार

सर्वांना नमस्कार.

मी तेव्हाच म्हटलं होतं की सेव्हनपेक्षा आधीची मालिका घ्या. अल्ट्रामॅन, दुसरा भाग, जुलै १९६६. त्यातला परग्रहवासी बाल्टान इथलं, जपानमधलं कुठलंही मूल ओळखतं. खेकड्याच्या नांग्यांचे हात, स्वच्छ खलनायक, सिगारेट नाही. आमची मुलं लहान असताना पुनःप्रक्षेपणं लागायची, तेव्हा आमच्याकडे दोन्ही हातांचे पंजे कात्रीसारखे धरून घरभर हिंडायची. टोकियोत सोशिगाया-ओकुरा स्टेशनला उतरून अल्ट्रामॅनचा पुतळा दाखवायला नेलं नाही असा एकही पाहुणा आमच्याकडे आला नाही.

जुन्या मालिकांचं मंडळातलं काम आजवर मी बघत आलोय. पुढच्या वेळी आधी मला एक फोन करावा, एवढंच म्हणणं.

– काका

मंदार, गुरुवार दुपार

काका, आदर ठेवून सांगतो, पण बाल्टानला ‘स्वच्छ खलनायक’ म्हणता येत नाही.

त्याचा ग्रह एका माथेफिरू शास्त्रज्ञाच्या अणुचाचणीत नष्ट झालाय. यानात सूक्ष्म करून ठेवलेले त्याचे २०३ कोटी लोक आहेत. सगळे बेघर. हायाता, म्हणजे माणसाच्या रूपातला अल्ट्रामॅन, त्याला सांगतो, इथले कायदे आणि रीतीभाती पाळा, मग राहता येईल. बोलणी फिसकटतात, लढाई होते आणि शेवटी अल्ट्रामॅन ते यान त्यातल्या सगळ्यांसकट संपवतो. मी लहानपणी नाही, इथे आल्यावर पाहिला तो भाग, हातात व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद होते त्या आठवड्यात. मला रात्रभर झोप लागली नाही. मुलांना काय दाखवावं याचा विचार करायचा असेल तर त्या २०३ कोटींचाही करायला हवा.

– मंदार

देशपांडेकाका, गुरुवार दुपार

मंदार, बाल्टानने आधी माणसं गोठवली होती. शास्त्रीय केंद्रातला पहारेकरी उभ्याउभ्या गोठला. त्याला ‘प्राण’ म्हणजे काय हेच ठाऊक नाही. अशा पाहुण्याला जागा कशी द्यायची? रक्षण करणाऱ्याने रक्षण केलं. मुलांना तेवढं पुरे आहे.

– काका

वैशाली, गुरुवार संध्याकाळ

बाल्टान शनिवारी नाहीये, त्यामुळे तो वाद जेवताना घालूया.

माझा प्रश्न वेगळा आहे. माझे सासू-सासरे सांगलीहून आलेत, आणखी तिघांचे आईवडील आलेत. त्यांना जपानी येत नाही. कोणीतरी माइकवर मराठीत सांगत जायला हवं. सगळं नको, मोक्याची वाक्यं तेवढी. मी सांगायला तयार आहे, माइक कोणाकडे मिळेल?

– वैशाली

उदय, गुरुवार संध्याकाळ

माइक माझ्याकडे आहे. ध्वनीचं काम मी बघतो, तेव्हा कृपया कोणी परस्पर जोडाजोड करू नये. मूळ आवाज चालू असताना वर बोललं की दोन्ही ऐकू येत नाही, गणपतीच्या नाटुकल्यात तेच झालं. वैशाली, तू पडद्याच्या उजवीकडे बस. मी खूण करेन तेव्हाच बोल. भागाला तोरू फुयुकी यांचं संगीत आहे, त्यावर बोललेलं मला चालणार नाही.

– उदय

नितीन, गुरुवार संध्याकाळ

वैशाली, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण त्या खोलीतलं संभाषण पूर्ण सांग.

दान, म्हणजे माणसाच्या रूपातला अल्ट्रा सेव्हन, मेट्रॉनचा माग काढत एका जुन्या लाकडी चाळवजा इमारतीत शिरतो. दार सरकवतो, आत तातामीच्या चटया, मधे चाबुदाई, म्हणजे बुटकं जेवणाचं मेज, आणि पलीकडे मेट्रॉन मांडी घालून बसलेला. तो शांतपणे म्हणतो, ये, तुझीच वाट बघत होतो. मग दोघं समोरासमोर बसून बोलतात. शेजारी आले की आपण बसतो तसे. दिग्दर्शक आकिओ जिस्सोजींनी एवढ्या मोठ्या आक्रमणाची सगळी चर्चा त्या अंधाऱ्या खोलीत आणून बसवली. दूर अवकाशातलं केंद्र वगैरे काही दाखवलं नाही, हेच मला फार मोठं वाटतं.

आणि लक्षात घ्या, त्या खोलीत पृथ्वीचा कोणीच नाही. दानसुद्धा बाहेरून आलेला, एम-७८ नेब्युलाचा. एकाने इथल्या लोकांचा भरवसा मोडायचं ठरवलंय, दुसरा त्यांच्यातलाच होऊन राहिलाय आणि त्यांच्यासाठी जीव टाकतोय. आपण सगळे परदेशातून येऊन इथे राहिलेले. आपल्या मुलांनी हे दृश्य आपल्या शेजारी बसून पाहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

– नितीन

मंदार, गुरुवार संध्याकाळ

नितीनला जोडून: पटकथा तेत्सुओ किंजो यांची. ते ओकिनावात वाढले आणि ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. १९६९ मध्ये ते टोकियो सोडून तिकडेच परतले. आक्रमक कोण आणि रक्षक कोण, हा प्रश्न त्या माणसाने घरात बसून सोसला होता. मला सेव्हन म्हणूनच आवडतो.

शेवटचं निवेदन मात्र अवघड आहे. निवेदक म्हणतो की मेट्रॉनचा डाव फसला, पण काळजी नको, ही फार पुढच्या काळातली गोष्ट आहे, कारण आज माणसं एकमेकांवर इतका विश्वास ठेवतच नाहीत. हे ऐकून मुलांनी विचारलं तर काय सांगायचं, ते आईबाबांनी आधी ठरवून यावं.

– मंदार

शुभदा, गुरुवार रात्र

मंदारचं शेवटचं वाक्य मला पटलं. चौथीच्या पुढची मुलं बसू देत, त्यांना विचारता येतं आणि ऐकूनही घेता येतं. त्याहून लहानांना माझ्या मते नकोच, आणि यावर मी ठाम आहे. रक्षक दलातल्या आन्नेच्या काकांचं विमान पडलेलं असतं, ती शोकाच्या कपड्यात येते, तिथूनच लहान मुलं अस्वस्थ होतात.

शेजारच्या खोलीत मी बसते. माझ्या जोडीला अजून एक जण हवा. ज्या आईबाबांना लहानाला घेऊनच बसायचं आहे त्यांनी खुशाल बसावं, पण दाराजवळ, म्हणजे उठून जाता येईल.

– शुभदा

प्रज्ञा (कार्यक्रम समिती), गुरुवार रात्र

ठरलं तर मग. ६:५० ला सगळे आत, ७ ला भाग, ७:२५ ला दिवे. चौथीच्या पुढची मुलं मोठ्यांबरोबर, बाकीची शुभदाताईंकडे. लहानांना घेऊन बसणाऱ्यांसाठी दाराजवळच्या दोन रांगा. वैशाली पडद्याच्या उजवीकडे, उदयच्या खुणेवर. काका, भागाआधी पाच मिनिटं त्या काळच्या मालिकांबद्दल तुम्ही बोला, माझी विनंती आहे.

शुभदाताईंबरोबर दुसरं नाव अजून आलेलं नाही. अकरापर्यंत हवं.

– प्रज्ञा

देशपांडेकाका, गुरुवार रात्र

बोलेन. पाच मिनिटांत बाल्टान बसत नाही, आठ द्या.

शेजारच्या खोलीत आमची मंडळी बसतील, मी आत्ताच विचारलं. रंगपेट्या त्या घेऊन येतील, कागद मंडळाच्या कपाटातले काढून ठेवा. किल्ली उदयकडे आहे.

– काका