‘लुकिंग फॉरवर्ड टु’च्या पुढे काय लिहावे? : आपले अनुभव सांगा

इंग्रजी पत्राच्या शेवटी मी अनेक वर्षे ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ असे निःशंकपणे लिहीत आलो. तेथे ‘मीटिंग यू’ हवे, हे एका कनिष्ठ सहकाऱ्याने संकोचत सांगितले, तेव्हा प्रथम मला तीच चूक वाटली. हा ‘टु’ आपल्याला कोठे नडला, हे सर्वांनी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (मराठी माध्यमातील शिक्षिका)
मी वर्गात एक कसोटी देते. ‘टु’च्या पुढे ‘द ट्रिप’ ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टु द ट्रिप’ हे वाक्य बसते, ‘आय वॉन्ट टु द ट्रिप’ मात्र बसत नाही. म्हणजे पहिल्या वाक्यातील ती जागा नामाची आहे आणि क्रियापद तेथे यायचे असेल, तर त्याला ‘आयएनजी’ लावून नामासारखे करूनच आणावे लागते. मराठीतही आपण ‘भेटण्याची वाट पाहतो’ असेच म्हणतो, आणि त्यातले ‘भेटणे’ हे धातुसाधित नामच आहे. हे सांगितल्यावर मुलांना नियम पाठ करावा लागत नाही.

प्रतिसाद २
माझी चूक अर्थाची होती. ‘वाट पाहणे’ एवढाच अर्थ धरून मी रजेवर गेलेल्या सहकाऱ्याला ‘लुकिंग फॉरवर्ड टु युअर ऑपरेशन’ असे कळवले. ‘मी स्वतः तितका उत्सुक नाही,’ असे त्यांचे उत्तर आले. या शब्दप्रयोगात आनंदाने वाट पाहणे अभिप्रेत असते, हे त्या दिवशी कायमचे समजले. (‘वेट फॉर’च्या सवयीने ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर’ लिहिणारेही आमच्या कार्यालयात पुष्कळ आहेत.)

प्रतिसाद ३ (स्टुटगार्टहून)
येथील जर्मन सहकाऱ्यांच्या पत्रांतही ‘टु हिअर फ्रॉम यू’ वरचेवर दिसते, त्यामुळे ही केवळ आपलीच खोड नाही, याचे थोडे समाधान वाटते.

प्रतिसाद ४
नियम कळल्यावर मी उलट्या टोकाला गेलो आणि दिसेल त्या ‘टु’पुढे ‘आयएनजी’ लावू लागलो. ‘आय यूज्ड टु गोइंग टु दादर’ हे त्यातलेच. पूर्वी जात असे, हे सांगायचे असल्यास ‘आय यूज्ड टु गो’ आणि जाण्याची सवय झाली आहे, हे सांगायचे असल्यास ‘आय ॲम यूज्ड टु गोइंग’, हा भेद हाताला वळण लागेपर्यंत मी टेबलावर चिठ्ठी लावून ठेवली होती.

प्रतिसाद ५
पहिल्या प्रतिसादातील बाईंची कसोटी उत्तम आहे. एक भर घालतो: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ हे घरगुती सुराचे वाटते, तर औपचारिक अर्जात ‘आय लुक फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ अधिक शोभते. ‘रिप्लाय’ हे आयतेच नाम असल्याने ‘आयएनजी’चा प्रश्नच उरत नाही, आणि खरे सांगायचे तर मी ते त्याचसाठी वापरतो.