लायसन्स न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर: सोळा वर्षांच्या मुलाला चालते का?

गोडोलीकर:
मुलगा अकरावीत, वय १६. साताऱ्यातल्या साताऱ्यात क्लासला जायला 'ना लायसन्स, ना पासिंग' अशी स्कूटर बघतोय. दुकानदार म्हणतो, मोटर २५० वॅटची आहे, एक वायर काढली की ४५ ला पळते. अडवलं तर काय दाखवायचं? पुतण्याला रिमोटवाला इलेक्ट्रिक स्केटबोर्ड हवाय, तो रस्त्यावर चालतो का?

पासिंगवाला:
सूट आहे, पण ती गाडीला आहे, दुकानदाराच्या तोंडाला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) प्रमाणे मोटरची तीस मिनिटांची पॉवर (सलग अर्धा तास देता येणारी) ०.२५ किलोवॅटच्या, म्हणजे २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. आणि हे सगळं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं हवं, उदाहरणार्थ पुण्याची एआरएआय. तेव्हाच ती 'मोटार वाहन' धरली जात नाही आणि पासिंग, लायसन्स, विमा लागत नाही.

म्हणून त्या प्रमाणपत्राची प्रत आणि बिल डिकीत ठेवा. प्रमाणपत्रातलं मॉडेल नि व्हेरिएंट बिलावर आणि गाडीच्या प्लेटवर जसंच्या तसं असलं पाहिजे.

वायर काढली की सूट संपली. मग ती बिनपासिंगची, बिनविम्याची मोटारसायकल आणि चालवणारा अल्पवयीन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला २५,००० रुपये दंड नि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कुणाला धडकली तर भरपाई मालकाच्या खिशातून.

वाइंडिंग_मिरज:
वायरीबद्दल थोडं. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याला कंट्रोलर म्हणतात. बऱ्याच कंट्रोलरमध्ये वेग बांधायला वेगळी वायरजोडी असते. ती जोडलेली असली की वेग अडतो, सोडली की सुटतो. पण ब्रेक आणि टायर २५ च्या हिशेबाचे असतात. वेग २५ चा ४५ झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर सव्वातीन पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. पोवई नाक्याच्या गर्दीत एवढं अंतर कोण देणार?

तपासताना गाडी स्टँडवर घेऊन वेग बघू नका, चाक मोकळं फिरलं की आकडा फुगतो. सपाट रस्त्यावर माणूस बसवून मोबाइलच्या जीपीएसने जाता-येता दोन्हीकडे मोजा. कंट्रोलरचं लेबलही वाचा: ६० व्होल्ट, ३० अँपिअर म्हणजे १,८०० वॅट. क्षणभर जास्त ओढणं चालतं, पण २५० वॅटच्या मोटरला एवढा मोठा कंट्रोलर दिसला तर शंका घ्या.

गोडोलीकर:
धन्यवाद. मुलगा कधी मित्रांबरोबर यवतेश्वरच्या घाटात गेला तर गाडी चढेल का?

वाइंडिंग_मिरज:
चढेल, पण रांगत. गाडी आणि माणूस मिळून १५० किलो, चढ सहा टक्के धरला तर साधारण १०० न्यूटन जोर लागतो. २५० वॅटमधले चाकापर्यंत २०० पोचले तर वेग ताशी सातच्या आसपास. मोटरची वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) तापते ती इथेच. डबलसीट घाटात नकोच. हायवेवरही नको, सर्व्हिस रोडने डावीकडून जा.

हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे, या गाडीला नाही. तरी आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) मार्कचं घ्याच. आणि बेदरकार चालवल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम २८१) कुठल्याही वाहनाला लागतो, सायकललासुद्धा.

पासिंगवाला:
स्केटबोर्डचं थोडक्यात. प्रमाणपत्र नाही म्हणजे नियम २(यू) ची सूट नाही, आणि बिनसीटची, बिनहँडलची ती वस्तू पासिंगला नेणार कशी? त्यात अनेक बोर्डांना दोन मोटर, मिळून २५० वॅटच्या बऱ्याच वर. ८०-९० मिलिमीटरचं चाक खड्ड्याच्या कडेला अडकतं, बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. सोसायटीच्या आवारात किंवा परवानगी असेल त्या मैदानात, गुडघे-कोपरांना पॅड बांधून. रस्त्यावर नाही, फुटपाथवर तर नाहीच.

गोडोलीकर:
आज परत जाऊन आलो. प्रमाणपत्र दाखवलं, पण त्यावरचं मॉडेलचं नाव वेगळं आहे. 'तीच गाडी, स्टिकर बदललाय' म्हणतात.

पासिंगवाला:
मग ते प्रमाणपत्र त्या दुसऱ्या गाडीचं. आगाऊ रक्कम देऊ नका.