आधी मॉनिटर वर उचला, खुर्चीचं नंतर बघा. पटतंय का?

खिडकीजवळचा: घरून काम करणारे माझे बरेच मित्र मान आखडली की आधी पंधरा-वीस हजारांची खुर्ची शोधायला लागतात आणि लॅपटॉप मात्र तसाच टेबलावर सपाट, हे उलटं चाललंय असं माझं ठाम मत आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड नि स्क्रीन एकमेकांना जोडलेले, हात नीट ठेवले तर मान खाली जाते, स्क्रीन वर घेतली तर खांदे वर चढतात, खुर्ची कितीही भारी आणा. डोकं साधारण ५ किलोचं असतं, ते दिवसभर पुढे झुकलेलं म्हणजे सगळा ताण मानेमागे. मी दोन वर्षं सोसलं. मग मॉनिटर, वेगळा कीबोर्ड-माऊस घेतला, मॉनिटरखाली ए-फोर कागदाची न फोडलेली दोन रिमं (गठ्ठे) ठेवली (एक रीम साधारण ५ सेंमी), वरची कडा बरोबर डोळ्यांसमोर आली, अंतर हातभर. पंधरा दिवसांत फरक पडला.

चाळिशीवाली: दादा, तुम्हाला अजून चाळिशीचा चष्मा लागलेला दिसत नाही. मी ४८ वर्षांची, डीटीपी करते, प्रोग्रेसिव्ह काच आहे (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत). त्यात जवळचं बघायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, म्हणजे स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करूनच वाचावं लागतं. आमच्याकडे सगळ्यांना सरसकट एकाच उंचीचे स्टँड दिले आणि महिन्याभरात माझी मान अशी धरली की उजवीकडे वळवता येईना. शेवटी स्टँड काढला, मॉनिटर पार टेबलाला टेकवला, वरची बाजू थोडी मागे कलवली, तेव्हा कुठे सुटले. त्यामुळे वर उचला असं सगळ्यांना सांगू नका प्लीज.

खिडकीजवळचा: ताई, चष्म्याचं मान्य. पण तो अपवाद झाला ना? आणि फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो की.

चाळिशीवाली: अपवाद कसला, चाळिशी आज ना उद्या सगळ्यांनाच लागते. वेगळा चष्मा केलाय मी, पण समोर कोणी बोलायला आलं की तो काढा, परत घाला, दिवसातून पन्नास वेळा कोण करणार. शिवाय नजर थोडी खाली असली की पापणीही खाली येते, डोळा कमी उघडा राहतो, एसीत चुरचुरत नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या आधीच कमी लववतो.

मोठा_पडदा: दोघंही कडेवरून भांडताय. २४ इंची मॉनिटरच्या पडद्याची उंची साधारण ३० सेंमी, ३२ इंचीची ४०. माझ्या ३२ इंचीची वरची कडा स्टँड सगळ्यात खाली केला तरी डोळ्यांच्या वरच राहते. मी कडा बघतच नाही, ज्या ओळी दिवसभर वाचायच्या त्या नजरेच्या जरा खाली याव्यात एवढंच बघतो आणि विंडो खाली ओढून घेतो. एवढा मोठा असेल तर हातभर अंतरही कमी पडतं.

पाच_फुटी: मला तर शीर्षकच पटलं नाही. आधी खुर्चीच! महाग नको, पण तिची उंची. आपली टेबलं अडीच फुटांची, माझी उंची पाच फूट, कोपर कीबोर्डच्या लेव्हलला आणायचं तर खुर्ची वर घ्यावी लागते, मग पाय लटकतात, मांडीखाली रग लागते. मी पायाखाली जेवायचा पाट घेतला. आता असं बसल्यावर डोळे कुठे आले ते बघूनच मॉनिटरची उंची ठरणार ना? तुम्ही आधी रिमं लावली आणि उद्या खुर्ची दोन इंच वरखाली केली की सगळं परत मोजा.

चाळिशीवाली: हे अगदी बरोबर बोललात. आणि कागदावरचं बघून टाइप करणाऱ्यांनी कागद टेबलावर आडवा ठेवू नका, स्क्रीनशेजारी उभा लावा, माझी अर्धी मानदुखी त्याचीच होती.

खिडकीजवळचा: खुर्चीच्या उंचीचा क्रम पटला, मी किंमतीच्या रागात ते एकत्र करून टाकलं. ताईंचं ऐकून आज एक रीम काढून बघतो, डोळे माझेही संध्याकाळी कोरडे पडतात. पण लॅपटॉप सपाट ठेवून आठ-आठ तास काम करू नका, हे मी मागे घेणार नाही.