आरसी विमानाचा रडर पहिल्या आठवड्यापासून शिकवावा का?

शेपटीचाक (धागाकर्ता)

आरसी (रेडिओवरून चालवायचे) विमान उडवायला शिकणाऱ्याला आपल्याकडे पहिल्याच दिवशी सांगितले जाते की, उजव्या स्टिककडे लक्ष दे, डावा अंगठा थ्रॉटलपुरता (मोटरचा जोर), रडरचे (शेपटीवरचा, नाक डावीकडे-उजवीकडे वळवणारा उभा भाग) पुढे बघू. हे ‘पुढे’ बहुतेकांच्या बाबतीत उजाडतच नाही. मोड-२ मांडणीच्या ट्रान्समीटरवर रडर डाव्या स्टिकवर असतो आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे भाग) व एलेव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा आडवा भाग) यांच्या जोरावर विमान कसेबसे वळतच असते, त्यामुळे रडर केवळ जमिनीवर चाक फिरवण्यापुरता उरतो. माझे मत असे आहे की, रडर हा नंतरचा धडा नसून तो पहिल्या आठवड्यातच शिकवला पाहिजे.

उजवीकडे वळण्यासाठी एलेरॉन दिला की डाव्या पंखावरचा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाची लिफ्ट (वर उचलणारा जोर) वाढते आणि तिच्याबरोबर ड्रॅगही (हवेचा अवरोध) वाढतो. परिणामी विमान उजवीकडे कलते खरे, पण नाक क्षणभर डावीकडे सरकते. लांब पंखांच्या आणि खालून सपाट एअरफॉइल (पंखाचा छेद) असलेल्या हाय-विंग ट्रेनरमध्ये (धडाच्या वर पंख असलेल्या शिकाऊ विमानात), विशेषतः कमी वेगात, हे ठळकपणे दिसते. विमान आपल्यापासून दूर जात असताना नीट पाहावे: पंख कललेला असतो आणि शेपटी मात्र वळणाच्या आतल्या बाजूला लोंबकळत राहिलेली असते. रडर त्याच बाजूला थोडासा दिला की ती सरळ रेषेत येते.

शिवाय आपल्या भागाची स्वतःची एक अडचण आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकला पश्चिमेकडचा वारा चांगलाच जोर धरतो, आणि आपल्या धावपट्ट्या म्हणजे सिन्नरच्या बाजूचा एखादा माळ किंवा गिरणाऱ्याकडे दोन शेतांमधला मुरमाचा पट्टा. (ओझर, नाशिकचे गांधीनगर आणि देवळाली यांच्या हवाई हद्दींमुळे जागा निवडायला मुळातच वाव कमी, हे वेगळे.) अशा पट्ट्याची दिशा वाऱ्याने नव्हे तर बांधाने ठरवलेली असते, त्यामुळे वारा बहुधा आडवाच मिळतो. एका अंगाला द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा आणि दुसऱ्या अंगाला बाभळी असताना नाक वाऱ्याकडे ठेवून तिरके उतरत यावे लागते, चाके टेकण्याच्या अगोदर रडरने नाक पट्टीच्या रेषेत आणावे लागते आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने किंचित दाबून धरावा लागतो. हे काम एकट्या एलेरॉनने करू पाहणाऱ्याचे विमान तिरकेच टेकते आणि लँडिंग गिअर उखडून घेते, नाहीतर चाकाच्या आधी पंखाचे टोक मुरमाला लागते.

थर्माकोलवाला

असहमत. आपण वर्णन केलेला दोष खरा आहे. पण तो ज्या विमानांत ठळक असतो ती विमाने आज नवशिक्याच्या हातात असतातच असे नाही. आखूड पंखांच्या आणि वेगाने उडणाऱ्या फोमच्या विमानात एलेरॉनचे डिफरन्शिअल नीट लावले, म्हणजे वर जाणारा एलेरॉन जास्त आणि खाली जाणारा कमी हलेल अशी मांडणी केली, तर नाक उलट सरकणे जवळजवळ जाणवत नाही. डेल्टा (त्रिकोणी पंखांच्या) आणि फ्लाइंग विंग (शेपटी नसलेल्या, नुसत्या पंखाच्या) प्रकारच्या अनेक मॉडेलांना तर रडरच नसतो आणि ती उत्तम उडतात.

माझा खरा आक्षेप मात्र सुरक्षिततेचा आहे. नवशिक्याला विमान जास्त कलण्याची भीती वाटते. फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) येताना शेवटचे वळण पट्टीच्या पलीकडे जाऊ लागले की तो आणखी कलवण्याऐवजी रडर दाबून नाक आत ओढतो आणि नाक खाली जाऊ लागले म्हणून एलेव्हेटर खेचतो. आतला पंख मंदावतो, तोच आधी स्टॉल होतो (त्याची लिफ्ट एकदम तुटते) आणि विमान गिरकी घेत त्या बाजूला कोसळते. एवढ्या कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. ज्याला रडर शिकवलेलाच नाही त्याच्या हातून हा अपघात होत नाही. शिवाय विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते, आणि खाली गेलेल्या पंखाच्या बाजूला स्टिक ढकलण्याची साधी युक्ती अंगवळणी पडायलाच अनेकांना बरेच दिवस लागतात. त्यात दुसरी स्टिकही उलटी वाचायला लावणे हा अन्याय आहे.

रानवारा

या चर्चेत दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे आधी एलेरॉन आणि मग रडर. मी दोन चॅनेलच्या ग्लायडरवर शिकलो, ज्याला फक्त रडर आणि एलेव्हेटर होते. पंखांना भरपूर डायहेड्रल (टोकांकडे वर चढत जाणारा कोन) असल्यामुळे रडरने नाक वळवले की पुढे आलेल्या पंखाला हवा अधिक कोनातून मिळते, तो उचलला जातो आणि विमान आपोआप कलते. तीन चॅनेलचे जुने ट्रेनर याच तत्त्वावर उडत आणि आजही उडतात. म्हणजे रडर नवशिक्याला झेपत नाही हे म्हणणे टिकत नाही.

थर्माकोलवाला यांचा शेवटच्या वळणाविषयीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे आणि धागाकर्त्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे. माझ्या बाजूने एक भर घालतो: एलेरॉनचा सर्व्हो (तो हलवणारी छोटी मोटर) किंवा त्याची वायर हवेत असताना गेली, तर हाय-विंग विमान निव्वळ रडरवर सुखरूप उतरवता येते, अट एवढीच की उडवणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याला तशी सवय हवी.

बटणबहाद्दर

एवढी चर्चा कशासाठी, असा प्रश्न पडतो. ट्रान्समीटरमध्ये एलेरॉन-रडर मिक्स लावावा, वळताना रडर आपसूक हलतो आणि अंगठ्याला त्रास नाही. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी गायरो (विमान आपसूक स्थिर ठेवणारे उपकरण) असलेले रिसीव्हर मिळतातच.

शेपटीचाक (धागाकर्ता)

बटणबहाद्दर, हा मार्ग विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंच्या १९०२ च्या ग्लायडरला आधी मागे स्थिर उभे पृष्ठभाग होते. वळताना तो खालच्या पंखाकडे घसरून गरगरत जमिनीला लागे, म्हणून त्यांनी रडर हलता केला आणि विमान कलवण्यासाठी पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडून टाकला. हा तुमचा मिक्सच झाला. १९०५ च्या विमानात मात्र त्यांनी ही जोडणी सोडवून रडरचा ताबा वैमानिकाच्या हाती स्वतंत्रपणे दिला, कारण पंखाला जेवढे हवे तेवढेच शेपटीलाही प्रत्येक वेळी हवे असते असे नाही. मिक्सचे प्रमाण ठरलेले असते. गरज मात्र वेगाप्रमाणे बदलते. विमान उलटे उडत असताना तर वळणात एलेरॉन एका बाजूला आणि रडर दुसऱ्या बाजूला द्यावा लागतो, तिथे मिक्स सरळसरळ विरुद्ध काम करतो. आडव्या वाऱ्यात उतरतानाही तेच. गायरो नाक स्थिर ठेवायला मदत करतो हे मान्य, पण नाक कोणत्या दिशेला असावे हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते.

आता शेवटच्या वळणाविषयी. तो अपघात रडरमुळे होतो हे खरे, पण तो अर्धवट शिकलेल्या रडरमुळे होतो. रडरची ओळखच नसलेल्या माणसाचा पंख स्टॉलमध्ये खाली पडला, तर तो सवयीने विरुद्ध एलेरॉन देतो. पडलेल्या पंखावरचा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढतो आणि स्टॉल अधिकच खोल होतो. तिथे एलेव्हेटर ढिला सोडून, विरुद्ध रडर देऊन विमान सावरावे लागते. म्हणजे आपण म्हणता त्याच जागी दोन्ही प्रकारचे उडवणारे विमान पाडतात, फक्त एकाला उपाय शिकवता येतो.

थर्माकोलवाला

उपाय शिकवता येतो, पण जमिनीपासून इतक्या जवळ तो करायला वेळ मिळत नाही, हे आपण सोयीस्करपणे गाळले. शिवाय प्रत्यक्ष विमानात वैमानिकासमोर घसरण दाखवणारी काचेतली गोळी असते आणि त्याच्या पाठीला सीटवर ओढ जाणवते. आपण खाली माळावर उभे असतो आणि शंभर मीटरवरचे मीटरभर पंखांचे विमान घसरते आहे की सरळ जाते आहे हे ओळखण्यासाठी आपल्याजवळ डोळ्यांखेरीज काही नाही. जो दोष दिसत नाही तो दुरुस्त करायला नवशिक्याला सांगण्यात काय अर्थ आहे?

रानवारा

दिसतो, पण पाहण्याची सवय लावावी लागते. त्यासाठी एक सराव सांगतो, जो मी शिकणाऱ्यांकडून करून घेतो. वारा नसलेल्या सकाळी, भरपूर उंचीवर, विमान आपल्यापासून सरळ दूर जाऊ द्यावे आणि क्षितिजावरचा एक ठळक बिंदू धरावा; सिन्नरच्या माळावर विजेचा टॉवर सहज मिळतो. मग एलेरॉनने पंख आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे कलवावा आणि नाक त्या टॉवरवरून हलू नये एवढाच रडर द्यावा. फक्त एलेरॉन दिला तर नाक टॉवरच्या दोन्ही बाजूंना सापासारखे वळवळते. रडर जमला की पंख हलतात आणि नाक जागेवर खिळून राहते. हा फरक एकदा डोळ्यांनी टिपला की वळणातली लोंबकळणारी शेपटी पुढे कोणी दाखवावी लागत नाही.

थर्माकोलवाला

उंचावरच्या या सरावाला माझा विरोध नाही, बडी-बॉक्सची (शिक्षकाचा आणि विद्यार्थ्याचा ट्रान्समीटर जोडणारी) वायर शिक्षकाच्या हातात असेल तर मुळीच नाही. माझी अट एवढीच की, विद्यार्थ्याला स्टॉल नुसत्या नजरेने ओळखता येईपर्यंत तीस मीटरच्या खाली त्याचा डावा अंगठा रडरकडे जाऊ नये. तिथे तो थ्रॉटलवरच राहावा.

शेपटीचाक (धागाकर्ता)

ही अट मान्य केली तर विद्यार्थ्याने टेकऑफ कसा करायचा, तेही सांगावे. थ्रॉटल वाढवला की प्रोपेलरचा पिळलेला झोत शेपटीवर आदळतो आणि विमान डावीकडे ओढ घेते. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाची शेपूट उचलली जाते त्या क्षणी तर ही ओढ आणखी वाढते. तेवढ्या कमी वेगात एलेरॉनचा काही उपयोग नसतो, उजवा रडरच द्यावा लागतो, आणि ते सगळे तीस मीटरच्या बरेच खाली घडते.