पांडवलेणी सहल, गाइड ऐनवेळी रद्द – मदत हवी आहे

वर्गशिक्षिका: परवा मुलांना घेऊन नाशिकच्या पांडवलेण्यांवर जायचंय. ठरलेल्या गाइडने आज दुपारी नाही म्हणून कळवलं. २४ लेणी दोन तासांत कशी दाखवू? प्लीज लवकर सांगा.

गोदाकाठ: मुलं कितवीची? किती? सकाळी की दुपारी?

सह्यवेडा: तिथे अर्ध्या तासात सगळं बघून होतं. त्यापेक्षा अंजनेरीच्या डोंगरावर न्या, पोरं खूश होतील.

धम्मयात्री: अर्धा तास? ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम त्याच्या आईने कोरून घेतलाय! आणि त्रिरश्मी लेणी म्हणा. लेखांत डोंगराचं नाव तेच आहे, पांडवांचा इथे काही संबंध नाही.

सह्यवेडा: आमची आजीसुद्धा पांडवलेणीच म्हणायची. रिक्षावाल्याला त्रिरश्मी सांगून बघा.

वर्गशिक्षिका: नावाचं नंतर बघू हो. सातवी, ५२ मुलं, सकाळी ९ ला पायथ्याशी.

तर्रीप्रेमी: उतरल्यावर मिसळ खायला घाला. पायथ्याशीच फाळके स्मारक आहे, तेही करा.

गोदाकाठ: ताई, २४ च्या मागे लागूच नका. ३, १० आणि १८ पुरे. १८ मध्ये स्तूप आहे. १० मध्ये भिक्षूंच्या खोल्या दाखवा. पडवीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा १ व्याज. सातवीला सरळव्याज असतंच, वर्षाचं काढायला लावा: २४०. लेखात २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण लिहिलेत. हिशोब तंतोतंत जुळतो! माझ्या भाचीने तिथेच वहीवर मांडलं आणि उठून भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांत आकडे शोधत बसली.

धम्मयात्री: हे मात्र उत्तम. अक्षरांना कुणी हात लावणार नाही एवढं बघा.

सह्यवेडा: मोहोळ दिसलं तर आरडाओरडा नको, अत्तर-स्प्रे मारून कुणी येऊ नये.

वर्गशिक्षिका: गणिताचं नक्की करते. एक राहिलं, एका मुलाच्या पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) आहे. त्याला जमेल?

गोदाकाठ: हे आधी सांगायचं ना ताई! वरपर्यंत पायऱ्याच आहेत, पण चढ दमवतो. त्याला एका सरांबरोबर बाकीच्यांच्या अर्धा तास आधी निघू द्या. म्हणजे वर्ग पोचेल तेव्हा तो १० नंबरमध्ये बसलेला असेल.

वर्गशिक्षिका: त्याच्या आईला आत्ताच फोन करते.