मदत हवी आहे: हिमोग्लोबिन कमी असताना एचबीएवनसीवर (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) विश्वास ठेवावा का?

पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. हिमोग्लोबिन ८.८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ७. एचबीएवनसी ५.९ आलं आणि सासूबाईंनी काळजीपोटी माझा भातच बंद केला. पण ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर ११२, म्हणजे १४० च्या बरीच खाली. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं, हे माहीत आहे.

आधी मधुमेह नव्हता, आईला आहे. थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) तपासणी नॉर्मल. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेते, कॅल्शियम रात्री, चहा दोन्हींपासून लांब. ग्लुकोजची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करणारच आहे. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात.

तोवर घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजावी का? अशाच रिपोर्टवर तुमच्या डॉक्टरांनी कोणता आकडा ग्राह्य धरला?